टाकीलाही श्वास हवा

मढसारख्या टोकाच्या गावात राहून मोटार कशाला बाळगता, असे आमचे दादर-पार्ल्याचे नातेवाईक नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. वेसाव्याला जायचे तर धक्क्यावरून बोट मिळते आणि काही मिनिटांत माणूस पलीकडे. मालाडला जायचे तर बस आहे. माझी नोकरीची सगळी वर्षे २७१ नंबरच्या बसमध्येच गेली. पण रात्री बोट बंद झाली की आमच्या गावाचे रूप पालटते. खाडीपलीकडचे वेसाव्याचे दिवे हाताच्या अंतरावर दिसत असतात आणि तिथे पोचायचे तर एरंगळ, आक्सा, मार्वे, मालाड असा सगळा वळसा घालून यावे लागते. कुणाच्या छातीत कळ आली, कुणी बाळंतपणाला अडली, तर दारात उभी असलेली मोटार हीच खरी नाव. आमच्या आळीत ती माझ्या दारात असते, म्हणून ती जितकी माझी तितकीच शेजाऱ्यापाजाऱ्यांची.

ही मोटार मी २००२ साली घेतली. छोटी, चार माणसांची, पेट्रोलवर चालणारी. पंधरा वर्षे झाल्यावर २०१७ साली आणि पुन्हा २०२२ साली तिची नोंदणी रीतसर पुढे वाढवून घेतली. कंपनीचे नाव मुद्दामच सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष कंपनीचा नव्हता. थोडा वयाचा होता, थोडा आमच्या हवेचा होता आणि बराचसा माझा होता.

सुरुवात झाली ती पेट्रोलपंपावर. पेट्रोल भरताना नोझल मध्येच 'खट्' करून बंद पडू लागले. पंपावरचा मुलगा पुन्हा दाबायचा, अर्धा लिटर जायचे, पुन्हा 'खट्'. टाकी निम्मीसुद्धा भरलेली नसायची. पाच-सात वेळा असे झाले की एखाद्या वेळी तोंडाशी पेट्रोल उसळून मडगार्डवर ओघळायचे. त्या ओघळाचे पैसेही मीटरवर चढलेले असायचे.

पंपावर थांबून थांबून पेट्रोल भरले की ग्राहकाला मारतात, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. मीही ती बाळगून होतो. २०२४ च्या मे महिन्यात एका दुपारी मालाडकडच्या पंपावर हा प्रकार सातव्यांदा की आठव्यांदा झाला आणि माझा तोल सुटला. मी त्या मुलाला चारचौघांत चोर म्हटले. वय असेल वीस-बावीस. तो एवढेच म्हणाला, "काका, गाडीच घेत नाही पेट्रोल, मी काय करू?" मला ते उत्तर उद्धटपणाचे वाटले. मी व्यवस्थापकाकडे गेलो, तक्रारवही मागितली आणि भरपूर लिहिले. व्यवस्थापक शहाणा होता. त्याने पाच लिटरचे वैधमापन खात्याचा शिक्का असलेले माप आणवले आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच नोझलने भरून दाखवले. पेट्रोल रेघेला टेकले. नोझल एकदाही मध्ये थांबले नाही. मापात पेट्रोल सरळ गेले आणि माझ्या गाडीत जात नाही, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. मी चाळीसेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. मला कळला नाही. मी वहीतला मजकूर तसाच ठेवून निघालो. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो मुलगा कोपऱ्यात चाकांत हवा भरत होता.

त्याच महिन्यात दुसरे एक लक्षण सुरू झाले. गाडी आमच्या पडवीला लागून पत्र्याच्या छपरात उभी असते. दुपार कलली की तिथे पेट्रोलचा वास येऊ लागला. आमच्या गावात वलांडीवर बोंबील वाळत असतात. त्या वासापुढे दुसरा वास टिकणे कठीण. तरी शेजारच्या मावशी कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, रॉकेल सांडलंय का हो?" आमच्या सौभाग्यवतींनी त्या दिवसापासून संध्याकाळचा दिवा पडवीतून उचलून आतल्या खोलीत नेला. मी खाली वाकून पाहिले. जमिनीवर थेंब नव्हता, ओल नव्हती. गळत नाही म्हणजे वास मनाचा, असे मी ठरवून टाकले.

मग ती रात्र आली. मावशींच्या यजमानांना साडेअकराला घाम फुटला, डावा हात दुखू लागला. त्यांना मागे झोपवून मी निघालो. एरंगळ मागे पडले आणि गाडी आचके देऊ लागली. आक्साच्या अलीकडे, जिथे रस्त्याला दिवे विरळ आहेत तिथे, ती बंद पडली. काटा अर्धी टाकी दाखवत होता. किल्ली फिरवली की इंजिन गरगरायचे, पण पकडायचे नाही. नशीब असे की पाठीमागून एक रिकामी रिक्षा आली. ते गृहस्थ वेळेत दवाखान्यात पोचले आणि आज घरी सुखरूप आहेत. मी मात्र अर्धा तास अंधारात त्या गाडीशेजारी उभा होतो. अर्ध्या तासाने सहज किल्ली फिरवली, तर गाडी काही झालेच नाही अशा थाटात सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या कारागिराने हकीगत अर्धवट ऐकली आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "टाकीच्या झाकणाला भोक पाडून देतो. आणि हा काळा डबा काढून टाकू, त्याची नळी उघडी सोडू. सगळी कटकट खलास." खर्चही शंभर-दोनशेचा. मी जवळजवळ हो म्हटले होते, कारण मला आमच्या मामांची जुनी गाडी आठवली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या टाकीच्या झाकणाला बारीक भोक असायचे. टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे जाते तितकी जागा रिकामी होते. ती भरायला बाहेरची हवा आत यावी लागते. ती या भोकातून यायची. एकदा गावच्या जत्रेसाठी मामांनी गाडी मेण लावून अशी घासली की झाकणाचे भोकही बुजले. कसाऱ्याच्या घाटात गाडी बंद. त्या काळी घाटात गाडी थांबली की इंजिनावरच्या पेट्रोलपंपाला ओला फडका गुंडाळायचा, हा सर्वांचा पहिला उपाय. पंप इंजिनाच्या उष्णतेने तापून नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ काही पंपाला ओढता यायची नाही. मामांनी फडका बांधला, पाणी ओतले, गाडी हलेना. अखेर एका ट्रकवाल्याने येऊन टाकीचे झाकण उघडले. 'हुस्स' असा आवाज झाला आणि गाडी चालू. दोन्ही रोगांचे लक्षण एक, औषधे मात्र वेगळी. पंप तापला असेल तर फडका. टाकी गुदमरली असेल तर झाकण.

ती पिढी आता संपली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचाही काळ ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे सरला. पण ते झाकणाचे भोक माझ्या डोक्यात राहिले होते, म्हणून गॅरेजवाल्याचा सल्ला मला पटत चालला होता. तेवढ्यात मालवणीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचे नाव कुणीतरी सुचवले. त्यांच्याकडे गेलो हे बरे झाले.

मिस्त्रींनी गाडीला हातही न लावता आधी मला स्टुलावर बसवले आणि वैद्याने नाडी पाहावी तसे एकेक विचारले. नोझल बंद पडते ते सगळ्या पंपांवर की एकाच? सगळ्या. धार हळू सोडली तर? जरा बरे, पण होतेच. वास सकाळी येतो की दुपारनंतर? दुपारनंतर. गाडी बंद पडली ती दुपारी की रात्री? रात्री. आणि शेवटचा प्रश्न: झाकण उघडताना आवाज होतो, तो हवा बाहेर येण्याचा की आत जाण्याचा?

या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आवाज होतो हे मला माहीत होते, पण कोणत्या दिशेचा हे मी कधी पाहिले नव्हते. मिस्त्री म्हणाले, "सर, तुमच्या गाडीला एक नाही, दोन दुखणी आहेत. एकाच्या औषधाने दुसरे जाणार नाही." मग त्यांनी जे समजावले ते ऐकताना मला माझ्याच वर्गातला एक प्रयोग आठवत गेला.

प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे. बाटलीच्या तोंडात बूच, बुचातून नरसाळे. बूच घट्ट असेल तर नरसाळ्यात ओतलेले पाणी आत उतरत नाही. नरसाळ्यातच तटून राहते, मध्येच बुडबुडा येऊन बाहेर उसळते. बुचात दुसरी एक नळी खोचली की पाणी सरळ खाली जाते. बाटली रिकामी नव्हती, तिच्यात हवा होती. ती बाहेर गेल्याशिवाय पाणी आत येणार कसे? हा प्रयोग मी दरवर्षी केला. पेट्रोलची टाकी म्हणजे तीच बाटली, हे मात्र निवृत्तीनंतर एका मिस्त्रींनी मला शिकवले.

टाकीला दोन तऱ्हेचे श्वास असतात. पहिला मोठा, पेट्रोल भरतानाचा. वीस लिटर पेट्रोल आत गेले की सुमारे वीस लिटर वाफाळ हवा बाहेर यावी लागते, आणि तीही मिनिटाभरात. त्यासाठी पेट्रोल जाते त्या जाड नळीला लागून एक बारीक नळी टाकीच्या माथ्यापासून वर तोंडापर्यंत आलेली असते. ही बारीक नळी बंद झाली की आतली हवा पेट्रोलच्याच वाटेने उलटी येते आणि पेट्रोल तोंडाशी तुंबते. नोझलच्या टोकाजवळ एक छोटे भोक असते. पेट्रोल वाहत असताना त्यातून हवा ओढली जात असते. टाकी भरून पेट्रोल त्या भोकापर्यंत चढले की हवा मिळेनाशी होते, नोझलच्या आतला पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. नोझलला काय ठाऊक टाकी भरली की नळी तुंबली? त्याच्या भोकाला पेट्रोल लागले, ते बंद झाले. पंपावरचा तो मुलगा आणि त्याच्या हातातले नोझल, दोघेही खरे बोलत होते.

दुसरा श्वास छोटा, पण चोवीस तास चालणारा. दुपारी टाकी तापते, पेट्रोलची वाफ होते, दाब वाढतो. रात्री टाकी निवते, वाफ आकसते, आत ओढ निर्माण होते. शिवाय गाडी चालली की पेट्रोल कमी होते, तेवढी हवा आत यायला हवी. मामांच्या गाडीत हा श्वास झाकणाच्या भोकातून थेट बाहेर चालत असे. माझ्या गाडीत तो एका काळ्या डब्यातून चालतो. गॅरेजवाला काढून टाकणार होता तो हाच डबा.

या डब्यात कोळसा असतो. साधा चुलीतला नव्हे, खास प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला. तो लाकडापासून करतात, नारळाच्या करवंटीपासूनही करतात. त्याच्या एका ग्रॅममधल्या बारीक छिद्रांचा पृष्ठभाग मोजला तर हजार चौरस मीटरच्या घरात जातो. टाकीतून येणारी पेट्रोलची वाफ या कोळशाला चिकटून राहते आणि स्वच्छ झालेली हवा डब्याच्या दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. गाडी चालू झाली की एक झडप उघडते, इंजिन त्याच डब्यातून हवा ओढते, बाहेरची ताजी हवा कोळशावरून वाहते आणि अडकलेली वाफ इंजिनात जाऊन जळते. दुपारी उडून गेले असते ते पेट्रोल संध्याकाळी गाडी चालवायला उपयोगी पडते.

ही सोय कुणाच्या चैनीसाठी झाली नाही. अमेरिकेत लॉस एंजलिसच्या आकाशात डोळे चुरचुरवणारे धुके साठू लागले, तेव्हा हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले की पेट्रोलच्या वाफा आणि मोटारींच्या धुरातले नायट्रोजनचे वायू उन्हात एकमेकांशी मिसळून त्यातून ओझोन तयार होतो. म्हणजे नुसता धूर रोखून भागणार नव्हते, उभ्या गाडीची वाफही अडवायला हवी होती. १९७० साली कॅलिफोर्नियात आणि १९७१ साली साऱ्या अमेरिकेत नव्या गाड्यांना तसे बंधन आले. आपल्याकडे १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, आणि त्याच दशकात गाड्यांच्या बाष्पांवरही मर्यादा आली. पेट्रोलच्या वाफेत बेंझिन असते आणि बेंझिनने कर्करोग होतो, हे आता वादातीत आहे. गंमत अशी की आपली पीयूसी तपासणी होते ती धुराच्या नळकांड्यावर. टाकीचे झाकण उघडे टाकून गाडी नेली तरी कागद मिळतो. माझ्याकडेही तो होता.

मिस्त्रींनी आता कामाला हात घातला. पहिली गोष्ट त्यांनी केली ती मला आवडली. टाकीकडून डब्याकडे येणारी नळी डब्यापाशी सोडली आणि एका कॅनमधून टाकीत हळूहळू पेट्रोल ओतून पाहिले. ते तरीही उसळले. याचा अर्थ भरण्याच्या दुखण्याशी डब्याचा संबंध नव्हता. दोष बारीक नळीत. मागचे चाक काढले, आतले आवरण सोडले. नळी बाहेरून धडधाकट दिसत होती. मिस्त्रींनी ती बोटांत दाबली तर शिजवलेल्या शेवग्यासारखी मऊ. कापली, तर आतला थर सुटून भोकात मिटलेला. माझा पहिला आजार मिटल्या नळीचा.

ही नळी इथेनॉलने गेली की बावीस वर्षांच्या वयाने, यावर मिस्त्री पैज मारायला तयार नव्हते. पण एक गोष्ट जुन्या गाडीवाल्याने ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात २००३ साली पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, २०२२ साली देशभर सरासरी दहा टक्क्यांचे आणि २०२५ साली वीस टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले. काही जातींच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. ते फुगते, मऊ होते किंवा तडकते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. नव्या गाड्यांच्या नळ्या त्या हिशेबाने केलेल्या असतात. माझ्या गाडीच्या नव्हत्या. उसाच्या शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर मिळू देत. आपण नळ्या बदलाव्यात, हे बरे.

दुसरे दुखणे शोधायला मिस्त्री डब्याकडे वळले. डबा सोडून हातात घेतला आणि माझ्या हातात दिला. जड लागला. हलवला तर आत चुबुकचुबुक. कोळशाने वाफ धरावी, तिथे चक्क पेट्रोल साठले होते. "सर, टाकी फुल्ल झाल्यावर तुम्ही आणखी घालता?" मिस्त्रींनी विचारले. मी घालतो. कायमच घालत आलो. खटका पडला की मी त्या मुलांना सांगतो, आकडा गोल कर. चौदाशे बेचाळीस झाले तर दीडहजार कर. सुट्या पैशांची कटकट नको. टाकीच्या माथ्यावर वाफेसाठी राखून ठेवलेली मोकळी जागा मी त्या गोल आकड्यापायी वर्षानुवर्षे पेट्रोलने भरत होतो, आणि तिथले पेट्रोल वाफेच्या नळीने डब्यात उतरत होते. भिजलेला कोळसा पुन्हा पूर्ववत होत नाही.

आणि मग डब्याचे ते दुसरे तोंड, ज्यातून बाहेरची हवा आत येते. त्याची नळी खाली चेसीजवळ उघडी सुटलेली असते. मिस्त्रींनी तिच्यात तार घातली, ती दोन बोटांवर अडली. बाहेर आली ती वाळलेली लाल माती. कुंभारमाशीने त्या नळीत घर बांधले होते. आमच्याकडे दाराच्या बिजागरीत, टेबलाच्या खणात, नळाच्या तोटीत ती घर करते. पिलांच्या बेगमीला आत डंख मारून लुळे केलेले कोळी भरून ठेवते आणि मातीने तोंड लिंपते. नळी फोडली तर सात-आठ वाळके कोळी बाहेर पडले. मिस्त्री हसून म्हणाले, "मढच्या गाडीत कोळी नाहीत तर काय गुजराती सापडणार?"

हा केवळ आमच्या आळीतला चमत्कार समजू नका. २०११ साली माझदा या जपानी कंपनीने एका जातीच्या पिवळ्या कोळ्यापायी हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या. तो कोळी याच वाफेच्या नळीत जाळे विणायचा, आणि टाकीत ओढ निर्माण होऊन तिला तडा जाण्याची भीती होती.

आता सगळी हकीगत एका ओळीत बसली. दुपारी टाकी तापायची. वाफेला डब्याकडून वाट नाही, म्हणून ती झाकणातल्या जास्त दाबाच्या झडपेतून बाहेर यायची. तोच दुपारचा वास. रात्री टाकी निवायची. हवेला आत यायला वाट नाही. झाकणात हवा आत घेणारी झडप असते, पण ती आमच्या खाऱ्या हवेने गंजून जाम झालेली. त्यात इंजिन डब्यातून हवा ओढू पाहायचे. डब्याचे तोंड बंद, म्हणून ते टाकीतलीच हवा ओढायचे. टाकीतला पंप एकीकडे खेचतो, टाकी दुसरीकडे. शेवटी पेट्रोल येईनासे होऊन आक्साच्या अंधारात गाडी थांबली. अर्ध्या तासात कुठूनशी झिरपत हवा शिरली आणि ती सुरू झाली. मामांच्या ट्रकवाल्यासारखे मी नुसते झाकण उघडले असते तरी चालले असते. घाटातली ती गोष्ट मी शंभर वेळा रंगवून सांगितली होती. ऐन वेळी आठवली नाही.

मी मिस्त्रींना विचारले, मग त्या गॅरेजवाल्याप्रमाणे झाकणाला भोक पाडले असते तर? गाडी चालली असती ना?

"चालली असती," मिस्त्री म्हणाले. "गाडी बाहेर असते की घराला लागून?"

"पडवीला लागून."

"आणि रात्री दार लावून झोपता."

पुढे बोलायची गरज नव्हती. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही; पाण्यासारखी जमिनीवरून सरपटत सखल जागी साठते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी ठिणगीला पेट घेते. आमचे स्वयंपाकघर पडवीपेक्षा एक पायरी खाली आहे. सौभाग्यवतींनी दिवा उचलून आत नेला होता तो नेमका त्या बाजूला.

मिस्त्रींनी बारीक नळी, जाड नळीचे रबर, त्यांचे क्लॅम्प, डबा आणि झाकण बदलले. डब्याच्या हवेच्या तोंडाला बारीक जाळी बसवली, हवा जाईल पण माशी नाही अशी. तोंडाची लोखंडी नळी खरडून पाहिली. आमच्याकडे चाकाने उडवलेला खारट चिखल तिच्यावर बसतो आणि ती भाकरीसारखी पापुद्र्याने सुटते. माझी अजून शाबूत होती. ती सडली असती तर डाग देऊन चालले असते का, असे विचारले तर मिस्त्रींनी कानाला हात लावले. पेट्रोलच्या टाकीला किंवा नळीला गाडीवरच झाळ लावू पाहणारे कारागीर त्यांनी पाहिले होते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

ज्यांच्याकडे माझ्यासारखी पिकली गाडी आहे त्यांच्यासाठी, मिस्त्रींकडून शिकलेले थोडे. नोझल वारंवार बंद पडू लागले तर पंप बदलून पाहा, नोझल जरा फिरवून, धार कमी करून पाहा. सगळीकडे तेच असेल तर दोष आपल्या गाडीत, आणि पहिला संशय त्या बारीक नळीवर. झाकण उघडताना हवा कोणत्या दिशेने जाते ते लक्ष देऊन ऐका. आत ओढली जात असेल तर टाकी गुदमरते आहे. पेट्रोल भरल्याबरोबर गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल, तर डब्याची इंजिनाकडची झडप उघडी राहिली असण्याचा संभव आहे. तोंडाने नळी फुंकू नका आणि तुंबलेल्या नळीत पंपावरच्या हवेचा जोर सोडू नका. टाकीच्या आतल्या झडपा त्याने फाटतात. वास येतो आणि गळत नाही, याचा अर्थ वास खोटा नव्हे, वाफ खरी. आणि पहिला खटका पडला की थांबा.

दुरुस्तीनंतरच्या रविवारी मी त्याच पंपावर गेलो. तो मुलगा अजून हवाच भरत होता. मी आधी आत जाऊन तक्रारवही मागितली. माझा मजकूर तिथे होता, सुवाच्य मास्तरी अक्षरात, 'उघड उघड लबाडी' या शब्दांखाली रेघ ओढलेली. त्याखाली मी लिहिले की दोष माझ्या गाडीचा होता, मुलाने त्या दिवशीच खरे सांगितले होते, तक्रार मागे घेत आहे. सही केली, तारीख घातली. व्यवस्थापकाने ते वाचले आणि काही न बोलता बाहेर जाऊन त्या मुलाला बोलावले.

त्याने माझी गाडी ओळखली आणि जरा जपूनच नोझल लावले. मी खाली उतरून त्याच्या शेजारी उभा राहिलो. पेट्रोल एका धारेत चालले. दहा लिटर, पंधरा, अठरा. मी त्याला म्हटले, "त्या दिवशी मी तुला नको ते बोललो. चूक माझी होती." तो मीटरकडे पाहत राहिला. "गाडीच घेत नव्हती काका," तो म्हणाला. "आता घेते."

खट् झाले. एकदाच. मीटरवर काहीतरी अवघड आकडा होता. त्याचा हात सवयीने पुन्हा नोझलकडे गेला.

"गोल करू?"

मी नको म्हटले आणि खिशातले सुटे मोजू लागलो.